कुंड्यांचा वॉर्ड

खोली बघायला गेले त्या दिवशी सिस्टरांनी मला आडनाव विचारलं नाही. आधीच्या दोन घरांत पहिला प्रश्न तोच होता आणि दुसरा, 'मिस्टर कुठं असतात?' दोन्ही उत्तरं ऐकल्यावर खोली नेमकी कालच कुणालातरी दिलेली निघाली होती. सिस्टर दारात उभ्या होत्या. हातात क्रेप बँडेजची गुंडाळी, चष्मा कपाळावर. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "रक्त बघून चक्कर येते का?"

"नाही."

"मातीची घाण वाटते?"

"नाही. शेतातलीच आहे मी. हिंगोलीकडची."

"मग ही कुंडी धर, हिंगोली. घट्ट धर. हलली की पेशंटला त्रास होतो."

मी चपला काढल्या आणि कुंडी धरली. सिस्टरांनी रोपाला वळसा घालून कुंडीच्या तोंडावर बँडेजचे उभे-आडवे पट्टे ओढले, टोक चिकटपट्टीनं बंद केलं आणि वर अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "खोली मागच्या बाजूला आहे. नळाला पाणी सकाळी साडेपाचला येतं. सामान आण जा."

अशी मला कर्जतला जागा मिळाली. त्या दिवसापासून सिस्टरांनी मला नावानं हाक मारली नाही. दवाखान्यात पेशंटच्या माणसांना गावानं हाक मारायची त्यांची सवय होती. "ए नेरळ, चहा आण." "ए चौक, तुमच्या सुनेला मुलगी झालीय, तोंड का पाडलंस?" तशी मी हिंगोली झाले. घरी पत्र टाकायचं असतं तर खाली तेच लिहिलं गेलं असतं. पण पत्र टाकावं असं घर मागं राहिलं नव्हतं. नवऱ्याचं मी सोडलं होतं आणि आईच्या घरी भाऊ-भावजय होते.

सिस्टर कर्जत-खालापूरच्या सरकारी दवाखान्यांतून नोकरी करून निवृत्त झालेल्या. बाजारात निघाल्या की चाळिशीतले बाप्ये वाकून नमस्कार करायचे आणि सिस्टर त्यांना म्हणायच्या, "तू पायाळू होतास. आईला फार छळलंस." लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "ठरत आलं होतं, तेवढ्यात नाइट ड्यूटी लागली." खरं-खोटं मला कधी कळलं नाही.

घराला पुढं लोखंडी जाळीची पडवी होती. तिच्यात, खिडक्यांत आणि स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर मिळून एकतीस कुंड्या. प्रत्येकीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर. शेवटचा नंबर मात्र बत्तीस. बारा नंबर नव्हताच. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात बारा नंबर कॉटचा पाय मोडका होता. तिथं कुणाला झोपवायचं नाही, इतकी वर्षं तेच. हात वळला नाही माझा."

तर तो वॉर्ड होता. मनीप्लांटचा वेल म्हणजे 'जुनाट केस', कोरफड म्हणजे 'नुसती जागा अडवलीय, पण असू दे', पानफुटी बाळंतिणींच्या रांगेत. नऊ नंबरला रानबिगोनिया होता. माथेरानच्या एका हॉटेलात कामाला असलेल्या माळ्यानं त्याच्या बायकोच्या बाळंतपणानंतर आणून दिलेला. कातळावर वाढणारी ती जात, कुंडीत फार जगत नाही म्हणतात. सिस्टर त्याला तीन पावसाळे जगवत आल्या होत्या. नऊ नंबरपाशी आल्या की आपोआप हळू बोलायच्या.

सकाळी माझी कंपनीची बस सात वाजता यायची, खोपोलीच्या बाजूला एका कारखान्यात मी पॅकिंगला होते. त्याआधी साडेसहाला सिस्टर 'ओव्हर' घ्यायच्या. ओव्हर म्हणजे एका नर्सची पाळी संपताना ती दुसरीला घेऊन कॉटमागून कॉट फिरते आणि एकेक पेशंट सांगून ताब्यात देते, ते. ओव्हर उभ्यानंच व्हायला हवा. खुर्चीवर बसून दिलेला ओव्हर त्या धरायच्या नाहीत.

"नऊ नंबर?"

"दोन नवीन पानं. एक पिवळं."

"किती पिवळं?"

"टोकाला. नखाएवढं."

"माती?"

"बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत कोरडी, खाली ओली."

हे सगळं एका शंभर पानी वहीत लिहायचं असायचं. मी शाळा आठवीत सोडलेली. आई आजारी पडली, धाकटी दोघं लहान होती, आणि एकदा सुटलेली शाळा परत धरता आली नाही. लिहायचं म्हटलं की माझा हात घामेजायचा. पहिल्या आठवड्यात मी सगळ्या कुंड्यांपुढं 'बरं आहे' असं लिहून टाकलं. सिस्टरांनी वही बघितली. ऱ्हस्व-दीर्घाला त्यांनी कधीच हात लावला नाही, तेव्हाही नाही. एवढंच म्हणाल्या, "बरं आहे हे डॉक्टर लिहितात. आपण काय बघितलं ते लिहायचं. तू बघितलंस का, हिंगोली?"

मी बघितलं नव्हतं. परत फिरले आणि बघितलं.

आता मांजराचं. ते सिस्टरांचं नव्हतं. पिवळं-पांढरं, एका कानाचा तुकडा गेलेलं, थोराड बोका. मी आले त्याच्या महिनाभर आधी तो जाळीतून आत यायला लागला होता. खायला सगळ्यांकडं जायचा, पण विधीला सिस्टरांच्या कुंड्यांतच. पहाटे यायचा, एखादी कुंडी निवडायचा, पुढच्या दोन्ही पायांनी माती मागं उडवायचा, बसायचा, पुन्हा थोडी माती ओढून निघून जायचा. सकाळी पडवीत मातीचा सडा आणि एखादं रोप मुळं वर करून पडलेलं.

"सिस्टर, मांजर लई उकरायलंय," असं मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्या हसून खाली बसल्या. "उकरायलंय! अगं काय गोड भाषा आहे तुमची. पुन्हा म्हण." मला वाटलं टिंगल चाललीय, मी लाल झाले. पण त्यानंतर त्या स्वतःच म्हणायला लागल्या, 'उकरायलंय का गं आज?' आणि शेजारच्या काकींनाही त्यांनी तो शब्द लावला.

त्या बोक्याला त्या 'नातेवाईक' म्हणायच्या. त्यामागं त्यांचा अख्खा सिद्धांत होता. सरकारी दवाखान्यात पेशंटचे नातेवाईक येतात आणि सरळ पेशंटच्या कॉटवर बसतात. ओरडलं की उठतात, पाठ फिरली की बसतात. दारातून काढलं तर खिडकीशी येतात. "ते वाईट असतात का? नाही. रात्रभर एसटीतून आलेले असतात, त्यांना टेकायला जागा हवी असते. कॉट मऊ असते. ह्यालाही माती मऊ लागते. आता उपाय काय तो शोधायचा, आरडाओरडा नाही."

उपाय मात्र त्यांनी भराभर केले नाहीत. एका वेळी एक उपाय, आठ दिवस, वहीत नोंद. आधी संत्र्याची सालं टाकून झाली. मांजराला वास आवडत नाही म्हणतात. नातेवाईक सालं बाजूला सारून बसला. मग काकींनी त्यांच्या दारात लटकवतात तशी लाल पाण्याची बाटली आणून ठेवली. तो बाटलीला अंग घासून गेला.

मग सिस्टरांनी उल्हास नदीच्या पात्रातून गोटे आणवले आणि प्रत्येक कुंडीतली माती त्यांनी झाकली. हा उपाय लागू पडला, कारण गोटे त्याला उकरता येईनात. पण सिस्टरांना माती दिसेना. रोज सकाळी एकेक गोटा उचलून बोट घालायच्या, आणि दर शनिवारी सगळे गोटे मोठ्या पातेल्यात उकळायच्या. पडवीत वर्तमानपत्रावर तीनशे-चारशे गोटे वाळत घातलेले बघून पोस्टमन म्हणाला, "सिस्टर, हे कशाचं पीक?"

"मूतखडे," सिस्टर म्हणाल्या. "एकाच पेशंटचे."

शेवटी गोटे फक्त मोठ्या कुंड्यांना ठेवले. लहान कुंड्यांत जीभ दाबून घसा बघायच्या लाकडी पट्ट्या उभ्या खोचल्या, दोन-दोन बोटांवर, म्हणजे त्याला बूड टेकायला जागा मिळू नये. नाजूक होत्या त्यांना पहिल्यापासूनच बँडेज होतं. घर असं दिसायचं की नव्या माणसाला वाटावं इथं कुंड्यांचा अपघात झालाय.

काकी मूळच्या वावोशीकडच्या. नवरा रेल्वेतून रिटायर झालेला. रोज जाळीला हात लावून उभ्या राहायच्या. "अगं, काय हे! आमच्यात मिरचीपूड टाकत्यात. एकदा टाकली की परत फिरकत नाय."

"आणि तो पाय चाटतो, डोळे पुसतो, तेव्हा?" सिस्टर विचारायच्या. "तुमच्या दिराला मी वॉर्डातून काढलं होतं, तेव्हा डोळ्यात मिरची टाकली होती का?"

"त्याच्या टाकाय पायजे होती," काकी म्हणायच्या, आणि दोघी हसत सुटायच्या.

खरा उपाय शेवटी सापडला तो सगळ्यांत साधा. जिन्याखाली एक रुंद, उथळ कुंडी ठेवली, तिच्यात नदीची कोरडी, चाळलेली वाळू घातली, आणि वर त्यानंच घाण केलेली चमचाभर माती टाकली, वासाला. कुंडीवर नंबर नव्हता. सिस्टर तिला 'बाकडं' म्हणायच्या. "नातेवाइकाला बाकडं दिलं की तो कॉटवरून आपण होऊन उठतो." चौथ्या दिवशी नातेवाईक बाकड्यावर गेला. त्यानंतर रोज झाऱ्यानं वाळू साफ करायची, आठवड्यानं सगळी बदलायची, आणि ती नेहमी कोरडी हवी. एवढं केलं की तो कुठल्याही कुंडीकडं बघायचा नाही. सिस्टर बँडेजं काढायला लागल्या. "डिस्चार्ज," असं म्हणत एकेक सोडायच्या.

दवाखान्यात त्यांच्याकडं शिकायला येणाऱ्या मुलींना सांगायच्या तेच त्या मला सांगायच्या. उशीवर बसायचं नाही. पेशंटसमोर कुजबुजायचं नाही. आणि, "औषध चुकलं तर आधी सांगायचं, मग रडायचं." हे शेवटचं मी नुसतं ऐकलं होतं. कारखान्यात माझ्याकडून एकदा खोकीच्या खोकी उलट्या लेबलांची गेली होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं. दोन दिवस जेवले नव्हते, पण सांगितलं नव्हतं. चूक दिसली की माणसं बाहेर काढतात, हे मी दोन घरांत बघितलेलं होतं.

माझं दुसरं वर्ष, श्रावणाचे दिवस. सिस्टरांचा गुडघा गेली दहा वर्षं कुरकुरत होता, तो बदलायचं ठरलं. पनवेलला त्यांची भाची राहायची, तिथल्या एका हॉस्पिटलात. आधी तपासण्या, मग ऑपरेशन, दहा-बारा दिवसांचं काम. निघायच्या सकाळी एक नंबरापासून बत्तीसपर्यंत त्यांनी मला उभ्यानं ओव्हर दिला. शेवटी नातेवाईक. तो जिन्यावर पाय चाटत बसला होता.

"घेतलास?"

"घेतला," मी म्हटलं.  आयुष्यात कुणी माझ्या ताब्यात एवढं दिलं नव्हतं.

पहिले दोन दिवस मी सगळं केलं. तिसऱ्या दिवशी कारखान्यात ओव्हरटाइम लागला, चौथ्या दिवशीही. मी येऊन कुंड्यांना पाणी बघायचे, वही लिहायचे, आणि झोपून जायचे. बाकडं राहून गेलं. बाहेर पाऊस असा की भिंतींना घाम. जिन्याखाली पाणी झिरपत होतं ते मला दिसलं नाही, कारण मी वाकून बघितलंच नाही.

पाचव्या दिवशी सकाळी पडवीत माती पसरलेली होती आणि नऊ नंबर लादीवर आडवा. मुळं उघडी, एक फांदी मोडलेली.

मी कुंडी उभी केली. माती भरली, रोप खोचलं, पट्टीचा आधार दिला. तेवढ्यात काकी आल्या. "बघ, मी सांगत होते. मिरची नको तर नको, डांबरगोळ्या टाक. आमच्या कपाटात पाकीट हाय. वासानंच पळंल. सिस्टर येईपर्यंत तरी निभंल."

त्यात काकींचं काही वाईट नव्हतं, त्यांना माझी कीव आली होती. बस यायला दहा मिनिटं होती. मी प्रत्येक कुंडीत एकेक डांबरगोळी टाकली. एकतीस. नऊ नंबरपाशी टाकताना मला वाटलं, सिस्टरांना विचारावं. मग वाटलं, विचारलं तर नऊ नंबरचं सांगावं लागेल.

संध्याकाळी सहाला परत आले तर नातेवाईक जिन्याच्या पहिल्या पायरीवर पसरलेला. तोंडातून लाळ, पुढं ओकारी. डोळे अर्धे. मी हाक मारली, शेपटीचं टोक हललं, बस. वीस नंबरची गोळी खाली पडलेली होती, दातांच्या खुणांची, अर्धी.

काकी धावत आल्या. त्यांनीही बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "माझ्यामुळं गं. माझ्यामुळं."

मी फोन हातात घेतला. सिस्टरांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

"आता नको सांगू," काकी म्हणाल्या. "बीपी वाढंल तिचं. ऑपरेशन ऱ्हाईल. मांजर काय, जगलं तर जगलं. आपण सांगू, आलंच नाय म्हणून."

हे मला पटलं. खरंच पटलं. सिस्टरांच्या भल्याचंही होतं आणि माझ्याही. कुणाला कळणार नव्हतं. नऊ नंबर जगला असता तर तेही कळलं नसतं, आणि मी त्या खोलीत राहिले असते. मी फोन कट्ट्यावर ठेवला. मग नातेवाइकाला उचललं, तर तो इतका हलका लागला आणि त्यानं नख न काढता माझ्या मनगटावर पाय ठेवला. मी फोन परत घेतला.

"बोल, हिंगोली."

मला रडूच फुटलं.

"आधी सांग," सिस्टर म्हणाल्या.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, नऊ नंबर, गोळ्या, अर्धी गोळी.  मग त्यांचा आवाज आला तो माझा ओळखीचा नव्हता, तो वॉर्डातला असणार.

"घड्याळ बघ. किती वाजलेत?"

"सहा दहा."

"त्याचा ओठ वर कर. हिरड्या कशा आहेत?"

"फिकट."

"फिकट म्हणजे काय? काय बघतेस ते सांग."

"पेरूच्या फोडीसारख्या."

"पांढरा पेरू की गुलाबी?"

मी पुन्हा बघितलं. "गुलाबी. पण पुसट."

"बरं. दूध पाजू नकोस, तेलतूप काही नाही. ओकारी काढायला जाऊ नकोस. काकींना सांग, बाकीच्या गोळ्या गोळा करून मोजायच्या. सगळ्या."

काकी पडवीभर वाकत फिरल्या. मोजणीला वेळ लागला नाही, पण मला तो फार मोठा वाटला. तीस आख्ख्या आणि ती अर्धी.

"म्हणजे अर्धीच पोटात आहे, एक नाही," सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टरांना असंच सांगायचं. पाकीट बरोबर ने. स्टेशनजवळ जनावरांचे डॉक्टर आहेत, आठपर्यंत असतात. आणि हिंगोली."

"हं."

"बाकड्याची वाळू कधी बदललीस?"

मी जिन्याकडं बघितलं.

"जिन्याखाली पाणी येतं पावसाचं. हात लावून बघ."

मी हात घातला. वाळू चिखलासारखी.

"ओल्या बाकड्यावर कोण बसेल गं?" त्या म्हणाल्या. रागावून नाही, हळूच. "जा आता." आणि फोन बंद.

काकींच्या मासळीच्या टोपलीत जुना टॉवेल घालून नातेवाइकाला ठेवलं, वरून झाकण धरलं, आणि रिक्षा केली. डॉक्टर तरुण होते. मी अर्धी गोळी, पाकीट, वेळ, हिरड्यांचा रंग, सगळं सांगितलं. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही नर्स आहात का?"

"नाही. पॅकिंगला आहे."

केसपेपरवर नाव लिहायला त्यांनी पेन उचललं. "मांजराचं नाव?"

 काकी म्हणाल्या, "नातेवाईक लिवा."

"कुणाचे?"

"आता हिचाच म्हणायचा," काकी म्हणाल्या, आणि डोळे पुसत हसल्या.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, मानेच्या कातडीखाली सलाईन सोडलं. तो उंटाच्या मदारीसारखा फुगवटा घेऊन घरी आला. दोन दिवस म्हणाले धोक्याचे. दोन दिवस मी सुट्टी टाकली, कारखान्यात पहिल्यांदा खरं कारण सांगितलं, आणि सुपरवायझर म्हणाला, "मांजरासाठी?" मी म्हटलं, "हो." तिसऱ्या दिवशी नातेवाइकानं सुक्या बोंबलाचं डोकं खाल्लं आणि बाकड्याच्या नव्या कोरड्या वाळूवर जाऊन बसला. काकी जाळीतून बघत होत्या. "शी झाली गं बाई," म्हणाल्या.

सिस्टरांचं ऑपरेशन झालं. भाचीचा फोन आला, मावशी बरी आहे म्हणून. मी विचारलं, "सिस्टर रागावल्यात का?" ती घाईत होती. म्हणाली, "ते मावशी आल्यावर तिच्याशीच बोला. मला औषधं आणायचीत."

ते वाक्य मी चार दिवस चघळलं. आल्यावर बोला. म्हणजे बोलायचं होतं. सिस्टरांनी फोनवर तेव्हा काही म्हटलं नव्हतं कारण मांजर वाचवायचं होतं. पेशंट वाचल्यावर मगच चौकशी होते, हे त्यांनीच सांगितलेलं. नऊ नंबरची उरलेली पानं गळून गेली होती, नुसता एक जाडसर देठ उरला होता. मी ठरवलं, त्यांनी सांगायच्या आधी आपणच निघायचं. हाकललेलं फार दिवस लागतं. आपण होऊन निघालं की कमी लागतं. कपडे, चादर, एक शाल, सगळं रेक्झिनच्या मोठ्या पिशवीत भरलं, चेन ओढली आणि पिशवी पडवीत दाराशी ठेवली. अंगावरचा एक ड्रेस, दोरीवरचा एक, आणि कंपनीचा एप्रन एवढंच बाहेर.

सिस्टर दुपारी आल्या. भाचीच्या गाडीतून उतरल्या, वॉकर धरून एकेक पाऊल टाकत पडवीत आल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी नातेवाइकाला बोलावलं. तो आला. वाकता येत नव्हतं, म्हणून मला म्हणाल्या, "उचल." त्याचा ओठ वर केला, हिरड्या बघितल्या. मग रांगेनं कुंड्या बघत गेल्या. नऊ नंबरपाशी थांबल्या, देठाला नखानं खरवडलं, आत हिरवं होतं की नाही ते बघितलं.  मग खुर्चीत बसल्या आणि त्यांना पिशवी दिसली.

"ही कुणाची?"

"माझी."

"गावाला निघालीस? सुट्टी शिल्लक आहे का?"

"गावाला नाही. बघते कुठंतरी. तुम्ही म्हणायच्या आधी..."

"मी काय म्हणणार होते?"

 भाची उशांची पिशवी सोडत होती, तिनं हात थांबवला. सिस्टरांनी आधी माझ्याकडं बघितलं. मग पिशवीकडं.

"आत काय आहे? भांडी-बिंडी?"

"नाही. कपडे. एक चादर."

"कडक आहे की मऊ?"

"मऊ आहे."

"आण इकडे."

मी आणली. त्यांनी हातानं समोरचा स्टूल दाखवला. मी पिशवी स्टुलावर ठेवली. त्यांनी दोन्ही हातांनी ऑपरेशनचा पाय उचलला, दात आवळले आणि टाच पिशवीवर टेकवली. गुडघा हवेत, टाच उंच. डोळे मिटले.

"अशीच हवी होती उंची," म्हणाल्या.

"मावशी," भाची म्हणाली, "उशी आणलीय ना आपण. खास दुकानातून. डॉक्टरांनी सांगितलेली."

"ती तू वापर. तुझी मान दुखते." आणि मला म्हणाल्या, "ही हलवायची नाही, हिंगोली. टाच एकदा बसली की बसली. गुडघा सरळ व्हायला दोन-तीन आठवडे लागतात."

मी उभीच होते. मला कळलं, आणि कळल्याचं तोंडावर दिसू नये म्हणून मी चहा टाकायला आत गेले. साखर दोनदा घातली.

सतरा दिवस मी दोन ड्रेसवर काढले. एक धुवायचा, एक घालायचा, आणि श्रावणात धुतलेलं वाळत नाही, म्हणून दमटच घालून बसायचं. काकी म्हणाल्या, "काय गं, रोज तेच? कपडे नायत का तुला?" मी म्हटलं, "आहेत. सिस्टरांच्या पायाखाली आहेत." सिस्टर सकाळ-संध्याकाळ पिशवीवर टाच ठेवून व्यायाम करायच्या, आकडे मोठ्यानं मोजायच्या, वीस झाले की पिशवीवर थाप मारायच्या. एकदाही त्या गोळ्यांचा विषय निघाला नाही. मी एकदा काढला, तर म्हणाल्या, "तू सांगितलंस ना? वेळेवर सांगितलंस. मग झालं. पुढचा पेशंट."

अठराव्या दिवशी व्यायाम शिकवणारी मुलगी आली. तिनं गुडघा दाबून बघितला, सरळ झाला म्हणाली, आता टाचेखाली काही नको. ती गेल्यावर सिस्टरांनी पाय आपल्या हातानं खाली घेतला, आणि स्टुलावरची पिशवी माझ्याकडं ढकलली.

"उघड. आत बुरशी धरली असेल."

धरली होती. चादरीवर काळे ठिपके, ड्रेसना कुबट वास. मी सगळं पुन्हा धुतलं. पाऊस होताच, म्हणून पडवीतल्या दोरीवर वाळत घातलं. दोरी भरली, खिडकीचे गज भरले. हातात शाल आणि दोन ड्रेस उरले. मी इकडंतिकडं बघत उभी राहिले.

सिस्टर भिंतीला हात लावून उठल्या. कशाचाही आधार न घेता दाराकडं दोन पावलं चालल्या, तोंड वाकडं करत.

"वॉकरवर टाक," त्या म्हणाल्या. "मला आता लागत नाही."